किती मोजलं म्हणजे पुरे?

बसा. निलंग्यात असाल तर सकाळची गर्दी ओसरल्यावर नीलकंठेश्वराच्या जुन्या दगडी मंदिरात एखादा कोपरा धरा. दुसरीकडं कुठं असाल तर घरातली शांत जागाही चालेल. डोळे मिटायची सक्ती नाही. हातात वही आणि पेन्सिल मात्र असू द्या, कारण हे मनन नुसत्या श्वासावर चालणारं नाही. यात थोडं मोजावं लागणार आहे.

आधीच एक सांगून टाकतो. 'क्वांटम' हा शब्द हल्ली तेलाच्या बाटलीवर, मनगटातल्या पट्ट्यावर, पोट कमी करायच्या शिबिराच्या फलकावर, कुठंही चिकटवलेला दिसतो. त्यातलं इथं काही नाही. इथं एकच प्रश्न आहे. एखादी गोष्ट आपल्याला ठाऊक नाही, बघायला गेलं की ती बदलते, आणि तिची नक्कलही काढता येत नाही. तर ती ओळखायची कशी, आणि त्यासाठी किती खर्च करायचा?

मनात एकच अणू आणा. चांदीचा घ्या, कारण पुढं जे सांगायचं आहे ते पहिल्यांदा चांदीवरच दिसलं. १९२२ च्या फेब्रुवारीत जर्मनीतल्या फ्रँकफर्टला ओटो स्टर्न आणि वाल्टर गेरलाख यांनी बंद भट्टीत चांदी तापवली, तिच्या वाफेचा बारीक झोत चुंबकाच्या दोन विषम टोकांमधून नेला आणि काचेच्या पट्टीवर पाडला. चांदीचा प्रत्येक अणू म्हणजे एक इवलासा लोहचुंबक. जुन्या समजुतीनं या चुंबकांची तोंडं वाटेल त्या दिशांना असायला हवीत, म्हणजे काचेवर सलग पसरट डाग उमटायला हवा. उमटल्या दोन वेगळ्या रेघा. चांदीचा थर इतका पातळ होता की आधी काही दिसेचना. स्टर्न स्वस्तातल्या सिगार ओढायचा, त्यांच्या धुरात गंधक भरपूर. त्याच्या श्वासानं चांदी काळी पडली आणि खुणा उठून दिसल्या, अशी हकीकत तो पुढं रंगवून सांगायचा.

त्या दोन रेघांपाशी थांबा. अणूचं तोंड कोणत्याही दिशेला असो, चुंबकानं विचारलं की तो दोनच उत्तरं देतो: वर किंवा खाली. थोडासा पूर्वेला कललेला अणूसुद्धा 'थोडासा पूर्वेला' असं म्हणत नाही. आणि एकदा 'वर' म्हणाला की तो वरचाच होऊन जातो. पुन्हा विचारा, पुन्हा वर. त्याचा आधीचा कल आता कुठंच उरलेला नाही.

वहीत तीन रिकाम्या जागा आखा: वर-खाली, पूर्व-पश्चिम, उत्तर-दक्षिण. प्रत्येक जागी उणे एक ते अधिक एक यांमधला एक आकडा बसतो, आणि हे तीन आकडे मिळाले की अणूची अवस्था पुरी कळली. पण एका अणूकडून यातली एकही जागा भरत नाही. तो एक शब्द देतो आणि संपतो. म्हणून तशाच रीतीनं तयार केलेला दुसरा अणू आणावा लागतो, मग तिसरा. 'तशाच रीतीनं' हे महत्त्वाचं. अनोळखी अवस्थेची हुबेहूब नक्कल काढणारं यंत्र असूच शकत नाही, हे १९८२ मध्ये वूटर्स आणि झुरेक यांनी, आणि त्याच वर्षी डीक्स यांनी वेगळेपणानं दाखवलं. तेव्हा इथून पुढं मी 'प्रत' म्हणेन तेव्हा झेरॉक्स समजू नका. प्रत म्हणजे त्याच भट्टीतून, त्याच कृतीनं नव्यानं काढलेला अणू.

आता मोजा. शंभर प्रतींना वर-खाली विचारलं. समजा ६५ वर म्हणाल्या, ३५ खाली. पहिल्या जागी ०.३० लिहा, आणि शेजारी बारीक अक्षरात 'दहाव्या हिश्शाचं मागंपुढं' असंही लिहा, कारण शंभरांत तेवढा नशिबाचा भाग असतोच. ते मागंपुढं निम्म्यावर आणायचं तर चौपट प्रती लागतील. शंभराव्या हिश्शावर आणायचं तर दहा हजार. अचूकपणाचा भाव असा वाढतो. तरी एका अणूपुरता हा खर्च काहीच नाही. तीन दिशा, प्रत्येकी शंभर, काम झालं.

मग शेजारी दुसरा अणू ठेवा.

मन लगेच म्हणेल, दोन अणू म्हणजे सहा जागा. आखा सहा. आता मी तुम्हाला एक विशिष्ट जोडी देतो. पहिल्या अणूला कुठल्याही दिशेनं विचारा, निम्म्या वेळा एक उत्तर, निम्म्या वेळा दुसरं. सरासरी शून्य. दुसऱ्याचंही तसंच. सहाच्या सहा जागी शून्य आलं. वहीकडं बघून कुणीही म्हणेल की या जोडीत सांगण्यासारखं काही नाही.

पण दोघांची उत्तरं समोरासमोर लिहून बघा. पहिला वर म्हणाला तिथं दुसरा खाली. पहिला पूर्व म्हणाला तिथं दुसरा पश्चिम. एकदाही चूक नाही. जोडीची सगळी माहिती दोघांच्या मधल्या नात्यात आहे आणि एकेकट्यात काहीच नाही. श्रोडिंगरनं १९३५ मध्ये नेमकं याच गोष्टीवर बोट ठेवलं होतं: संपूर्णाची पुरेपूर माहिती असूनही त्याच्या भागांची अजिबात नसेल, असं होऊ शकतं.

इथं घाई करू नका. या एका गोष्टीवर अर्धा तास बसलात तरी तो वाया जाणार नाही. माणसांच्या जोड्यांकडं वळायचा मोह होईल, तो आवरा. अणूंवरच राहा, ते जास्त नवलाचं आहे.

तर नात्यांसाठी आणखी जागा हव्यात. पहिल्याची तीन दिशांपैकी एक, दुसऱ्याची तीनपैकी एक, म्हणजे नऊ नाती. सहा अधिक नऊ, पंधरा. तीन अणूंना त्रेसष्ट. पुढं प्रत्येक नव्या अणूगणिक जागा जवळजवळ चौपट होत जातात.

ही सगळी कोष्टकं भरून अवस्था पुरी उभी करायची रीत म्हणजे क्वांटम टोमोग्राफी. सीटी स्कॅनमधला 'टी' तोच.  १९९३ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठात मायकेल रेमर यांच्या गटानं प्रकाशाची क्वांटम अवस्था अशी अनेक कोनांतून मोजून पहिल्यांदा उभी केली होती. पुढं २००५ मध्ये ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला राइनर ब्लाट यांच्या प्रयोगशाळेत कॅल्शियमचे आठ आयन विजेच्या सापळ्यात एका ओळीत टांगून, लेझरनं एकमेकांत गुंतवून, त्यांची अवस्था संपूर्ण मोजली गेली. आठ आयन, प्रत्येकाला तीनपैकी एक दिशा, म्हणजे ६,५६१ वेगवेगळ्या जुळण्या. प्रत्येक जुळणी शंभर वेळा. एकूण ६,५६,१०० प्रयोग, सलग दहा तास. त्यातून भरल्या ६५,५३५ जागा.

तो अभिमानाचा दिवस होता, आणि माझ्या मते त्याच दिवशी त्या रस्त्याचा शेवटही दिसला. आठच्या जागी साठ आयन घ्या. जुळण्या होतात चारावर अठ्ठावीस शून्यं. सेकंदाला दहा लाख जुळण्या उरकणारं यंत्र आणलं आणि प्रत्येक जुळणी एकदाच बघितली, तरी विश्वाचं आजवरचं जे वय आहे त्याच्या सुमारे लाखपट वेळ लागेल. यंत्र आणखी चलाख केलं तर? तीही वाट बंद आहे. अवस्था पुरीच्या पुरी हवी असेल तर कितीही हुशारीनं मोजा, सगळ्या प्रती एकत्र ठेवून मोजा, प्रत्येक जादा क्यूबिटमागं (दोनच उत्तरं देणाऱ्या अशा प्रत्येक घटकाला क्यूबिट म्हणतात) प्रतींची गरज चौपटच होत जाते. २०१६ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी हे गणितानं सिद्ध केलं.

या आकड्यापाशी मन दोन गोष्टी करतं. एक तर म्हणतं, म्हणजे काहीच कळणार नाही. किंवा हट्ट धरतं की सगळं कळलंच पाहिजे. दोन्ही बाजूला ठेवा. पेन्सिल खाली ठेवा आणि शिवारात चला.

सोयाबीनचे दिवस आहेत असं धरा. निलंगा तालुक्यातलं कुठलंही महसूल मंडळ घ्या, औराद शहाजानी घ्या, कासार शिरसी घ्या. तिथं यंदा हेक्टरी उतारा किती पडला? खरं उत्तर द्यायचं तर प्रत्येक आखाड्यावरची बनीम मोडून, रास करून, काट्यावर घालावी लागेल. ते कुणाच्यानं होत नाही. म्हणून पीक कापणी प्रयोग होतात. गावं ठरतात, गट नंबर यदृच्छेनं निघतात, म्हणजे कागदावरच्या आकड्यांतून चिठ्ठी उचलावी तसे. मग तलाठी, कृषी सहायक किंवा ग्रामसेवक, ज्याच्या वाट्याला ते गाव आलं असेल तो, शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात उभा राहतो. आणखी दोन यदृच्छ आकडे. इतकी पावलं लांबीत, इतकी रुंदीत. तिथं खुंटी. खुंटीपासून दोरी लावून ठरल्या मापाचा तुकडा आखायचा, तेवढाच कापायचा, मळायचा, वजन करायचं.

मोजला तो तुकडा तर गेला. दुसऱ्यांदा मोजायला तो उभा नाही. आणि खुंटी कुठं पडेल हे ना शेतकरी ठरवतो ना साहेब. चांगला दिसतो म्हणून एक तुकडा घेतला की सगळं बिघडलं. बघणाऱ्याची मर्जी काढून टाकली की थोडक्या तुकड्यांवरून मंडळाबद्दल बोलता येतं, आणि किती मागंपुढं होईल हेही सांगता येतं. आपल्याकडं ही रीत शास्त्रशुद्ध पायावर बसवणाऱ्यांत एक मराठी माणूस आहे: पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म १९११, सातारा जिल्ह्यातलं बुध गाव. लंडनहून संख्याशास्त्रातली डॉक्टरेट घेऊन ते परतले आणि १९४० पासून भारतीय कृषी संशोधन परिषदेत त्यांनी हे नमुना पाहणीचं काम उभं केलं. पुढं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत गेले. मंडळाच्या या उताऱ्यावर अवलंबून असलेल्या पीक विम्याच्या भांडणात या नावाची कुणाला आठवण होत नाही.

भांडण कशाचं असतं तेही इथं बघून घ्या. 'माझं तर सगळं पाण्यात गेलं, मंडळाचा उतारा एवढा कसा?' त्या माणसाचं खोटं नसतं आणि आकडाही खोटा असेल असं नाही. आकडा मंडळाच्या प्रश्नाला उत्तर देतो. त्याच्या शेताचा प्रश्न कुणी विचारलेलाच नाही.

आता पेन्सिल उचला. नवं पान. आठ क्यूबिटचीच अवस्था घ्या, पण सगळं जाणून घ्यायचा हट्ट सोडून.

अमेरिकेतले संगणकशास्त्रज्ञ स्कॉट आरन्सन यांनी २००७ पासून हा हट्ट सोडायची वाट दाखवायला सुरुवात केली. अवस्था पुरी उभी करू नका. तिच्याबद्दलच्या ठराविक प्रश्नांची उत्तरं नीट सांगता आली तरी पुष्कळ. २०१८ मध्ये त्यांनी याला 'छाया टोमोग्राफी' असं नाव दिलं. पण त्यांची कृती प्रयोगशाळेत उतरवायला जड होती. सोपी कृती २०२० मध्ये आली, सिन-युआन हुआंग, रिचर्ड कुएंग आणि जॉन प्रेस्किल यांची. ती इतकी साधी आहे की आपण आत्ता करू शकतो.

एक प्रत घ्या. आठही क्यूबिटसाठी दिशा यदृच्छेनं निवडा. फासा टाका हवं तर: एक-दोन पडले तर वर-खाली, तीन-चार पडले तर पूर्व-पश्चिम, पाच-सहा पडले तर उत्तर-दक्षिण. आठ फासे, आठ दिशा. मोजा. पानावर आठ दिशा आणि आठ उत्तरं लिहा. पान उलटा. नवी प्रत, नवे फासे. असं करत नऊशे पानं भरा. मध्ये कुठलाही हिशेब करू नका, कुठलाही प्रश्न मनात आणू नका. नुसती पानं भरत जा.

आता मी विचारतो: तिसऱ्या आणि सातव्या क्यूबिटचं वर-खालीचं नातं काय? वही चाळा. ज्या पानांवर तिसऱ्यालाही वर-खाली पडलं होतं आणि सातव्यालाही, तेवढीच पानं उपयोगाची. तीनात एक, पुन्हा तीनात एक, म्हणजे नवात एक. नऊशेतली साधारण शंभर. त्या शंभरांवरून उत्तर काढा, दहाव्या हिश्शाच्या मागंपुढं. बाकी सहा क्यूबिटना त्या पानांवर काय पडलं, याच्याशी तुम्हाला देणंघेणं नाही.

मग दुसरा कुणी येतो आणि पहिल्या-पाचव्याबद्दल विचारतो, तेही वर-खालीचं पूर्व-पश्चिमेशी. तीच वही. वेगळी शंभर पानं. आठांतून दोन निवडायच्या अठ्ठावीस रीती, प्रत्येकीची नऊ नाती, एकूण २५२ प्रश्न. नऊशे पानांत सगळ्यांची उत्तरं आहेत. इतक्या प्रश्नांत नशिबानं चारदोन उत्तरं जास्त चुकणार, ती सावरायला पानं काही पट वाढवावी लागतात. पण ती वाढ फार सावकाश होते. प्रश्न २५२ चे ६३,५०४ झाले, तरी या सावरण्याचा भाग फक्त दुप्पट होतो. आणि क्यूबिट आठचे आठशे केले तरी कुठल्याही जोडीला वहीचा नववा हिस्सा मिळतोच. इन्सब्रुकचे ६,५६,१०० प्रयोग एकीकडं ठेवा आणि ही वही दुसरीकडं.

मला यात सगळ्यात थक्क करणारी गोष्ट बचतीची वाटत नाही. पानं भरताना प्रश्न ठाऊक नव्हता, याचं मला जास्त नवल वाटतं. कापणी प्रयोगात प्रश्न आधी ठरतो: उतारा किती. इथं अवस्था कधीच संपून गेली आहे, एकही प्रत उरलेली नाही, यंत्र बंद करून मंडळी घरी गेली आहेत. आणि वर्षानं कुणी नवा प्रश्न घेऊन आला, तर जुन्या वहीतून त्याला उत्तर मिळतं. काय विचारलं जाईल हे माहीत नसताना जे मोजलं, ते कुणाच्याही मर्जीकडं झुकलेलं नाही, म्हणूनच सगळ्यांच्या कामाला येतं. यावर थोडा वेळ नुसतं बसा. पुढचा परिच्छेद कुठं जात नाही.

बसून झालं असेल तर वहीचं दुबळेपणही पाहा. आठही क्यूबिटमधलं एकत्रित, आठपदरी नातं विचारलं तर आठही दिशा जुळलेलं पान हवं. ते ६,५६१ पानांत एखादं. नऊशेत बहुधा एकही नसेल. प्रश्न जितक्या जणांना एकदम कवेत घेईल तितकी वही मुकी होत जाते. छाया पडते ती मोजक्या घटकांच्या नात्यांची. नशीब एवढंच की पदार्थाची ऊर्जा, चुंबकत्व, रासायनिक बंध असे बरेच कामाचे प्रश्न याच जातीचे असतात.

मोजण्याचा खर्च कमी करायची आणखी एक रीत आपल्या पुण्यात पाषाणला झाली आहे. आयसर पुणे इथं टी. एस. महेश यांचा गट एनएमआरवर काम करतो. काचेच्या बारीक नळीत एखादं रसायन विरघळवून ती प्रचंड चुंबकात उभी करायची, आणि रेणूंमधल्या अणुकेंद्रांना रेडिओ लहरींचे नेमके ठोके देऊन त्यांना क्यूबिटसारखं वागवायचं. एमआरआय यंत्राचं मूळ तत्त्व हेच. इथं एक सोय आहे: नळीत असंख्य सारखे रेणू असतात, त्यामुळं एका मोजणीत सरासरीच हाती येते. अडचणही आहे: कोष्टकातल्या काहीच जागा थेट दिसतात, बाकीच्यांसाठी ठोके बदलून पुन्हा पुन्हा प्रयोग करावे लागतात. २०१३ मध्ये अभिषेक शुक्ला, के. राम कोटेश्वर राव आणि महेश यांनी अनोळखी क्यूबिटच्या शेजारी एक मदतनीस क्यूबिट ठेवला, ज्याची अवस्था आधीपासून ठाऊक आहे. ठरवलेल्या ठोक्यांनी दोघांना असं मिसळलं की लपलेल्या जागांची माहिती दिसणाऱ्या जागांवर उतरली. दोन अनोळखी क्यूबिट एका मदतनिसानं, तीन अनोळखी क्यूबिट दोन मदतनिसांनी. योग्य मांडणीत कोष्टक एकाच प्रयोगात निघतं. मूळ कल्पना २००४ साली युरोपात मांडली गेली होती, ती अनेक क्यूबिटवर चालवायची पद्धत आणि प्रयोग पाषाणचे. कोष्टकाचा आकार यानं कमी होत नाही, हे खरं. खेपा कमी होतात.

आणि मुंबईत? २०२४ च्या ऑगस्टमध्ये कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये सहा क्यूबिटच्या अतिवाहक प्रोसेसरची चाचणी पुरी झाल्याचं जाहीर झालं. चिप टीआयएफआरची, तिला हुकूम देणारी आणि तिची उत्तरं मोजणारी यंत्रणा डीआरडीओच्या पुण्यातल्या तरुण शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेची, बाहेरून वापरण्याची सोय टीसीएसची. सहा क्यूबिट म्हणजे ७२९ जुळण्या, ४,०९५ जागा. एवढं अजून पुरतं मोजता येतं. आकडा वाढेल तशी कोष्टकं सोडून वहीकडं यावं लागेल.

वही जिथं मुकी होते तिथलं एक नवल अजून राहिलंय. एखादी अवस्था किती शुद्ध आहे, म्हणजे तिच्यात बाहेरचा गोंधळ किती मिसळला आहे, हा प्रश्न सगळ्या क्यूबिटना एकदम कवेत घेतो. एकेक प्रत वेगवेगळी मोजून याचं उत्तर काढायचं तर क्यूबिट वाढतील तशा प्रती गुणाकारानं वाढत जातात; कितीही चतुराई केली तरी यातून सुटका नाही, हेही सिद्ध झालं आहे. पण दोन प्रती एकाच वेळी शेजारी ठेवून दोघींना मिळून एकच प्रश्न विचारला, तर ठराविक थोड्या जोड्यांत भागतं, क्यूबिट कितीही असोत. २०२२ मध्ये हुआंग आणि सहकाऱ्यांनी या जातीचे प्रयोग गूगलच्या सिकॅमोर प्रोसेसरवर चाळीस क्यूबिटपर्यंत करून दाखवले. यंत्र चुका करणारं होतं, तरी दोन प्रती एकत्र मोजण्याचा फायदा टिकला. दोघी एकमेकींसारख्या आहेत एवढंच आपल्याला ठाऊक. कशा आहेत ते ठाऊक नाही. तरी एकीच्या शेजारी दुसरी ठेवल्यानं जे कळतं, ते दोघींना वेगवेगळं तपासून कळत नाही. वहीत ही ओळ लिहून घ्या आणि खाली जागा सोडा, तुमचं तुम्हाला काही सुचलं तर.

आतापर्यंत सगळा हिशेब 'किती' चा झाला. नशिबाचं मागंपुढं जास्त मोजलं की कमी होतं. पण मापच वाकडं असेल तर?

इथं सुखात्म्यांकडं परत जावं लागतं. १९४० च्या दशकात कापणीचा तुकडा केवढा असावा यावर त्यांचा आणि प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा वाद झाला. महालनोबिस छोट्या तुकड्यांच्या बाजूचे; कमी खर्चात जास्त ठिकाणं होतात. सुखात्म्यांनी दाखवलं की छोट्या तुकड्यांतून उतारा खऱ्यापेक्षा जास्त निघतो. कारण दोरीवर आलेलं झाड. ते आत धरायचं की बाहेर? कापणाऱ्याचा हात सहसा आत ओढतो. हिशेब करून बघा: एक मीटर चौरस तुकडा घेतला आणि चारही बाजूंनी दहा सेंटीमीटर जास्त कापलं गेलं, तर क्षेत्र ४४ टक्के वाढतं. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद तुकड्याला तीच चूक केली तर जेमतेम ६ टक्के. आणि ही चूक हजार तुकडे कापले तरी जात नाही. उलट हजार तुकड्यांमुळं चुकीच्या आकड्यावरचा आपला भरवसा वाढतो.

क्यूबिटचंही तसंच आहे. मोजेपर्यंतच्या क्षणात 'वर' असलेला क्यूबिट कधीकधी घसरून 'खाली' होतो आणि पानावर 'खाली' पडतं. म्हणून जाणती मंडळी अनोळखी अवस्थेला हात लावण्याआधी, स्वतः तयार केलेली ओळखीची अवस्था यंत्राला देऊन त्याचं माप किती वाकडं आहे ते तपासतात, आणि तो वाकडेपणा हिशेबातून वजा करतात. ते न करता भरलेली नऊशे पानं रद्दीत घालावीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

तेव्हा यंदा तुमच्या गटात कापणी प्रयोगाची खुंटी पडली, तर सावलीत बसून चहा पाजण्यात वेळ घालवू नका. दोरी ताठ आहे का, आणि दोरीवरची झाडं कुठल्या बाजूला धरली जातात, हे जवळ उभं राहून बघा.